गुलाबी, तीस पट

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, मित्रांनो. शाळेच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, पण त्या भारदस्त नावाला मी कधीच शोभलो नाही. आत्ता मी एका कचऱ्याच्या डब्यात, केकच्या खरकट्या बशांखाली आडवा पडलो आहे. मंगळवारी सकाळी गाडी येईल आणि मला घेऊन जाईल. तोवर माझ्याजवळ वेळ आहे, म्हणून सांगून टाकतो. माझ्यासारखी जुनी खेळणी आपली कहाणी सांगून झाली की 'आम्हाला जपा हो' अशी विनवणी करतात. मी ती करणार नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबल होतं आणि त्यावर दोन ताटल्या. एकीत काचेची भिंगं, दुसरीत प्लॅस्टिकची. काळ्या मायक्रोस्कोपात काच बसवायची, गुलाबीत प्लॅस्टिक. मला जोडायला बसलेली लान नावाची मुलगी कामावर नवी होती. तिने चुकून माझ्यात काच बसवली. त्या क्षणी मला तिच्या बाहीचा धागा न् धागा दोरखंडासारखा दिसला. जग केवढं बारीक आणि केवढं मोठं आहे ते मी पाहिलं.

तेवढ्यात मुकादम मागून ओरडला, "ए, डोळे फुटले का तुझे? गुलाबी आहे ना तो?"

"पण साहेब, दोन्ही मायक्रोस्कोपच ना?"

"तो पोरींसाठी आहे. पोरी त्यात फार तर नखं बघतात. काढ ती काच!"

लानने चिमट्याने माझी काच काढली आणि प्लॅस्टिकचं भिंग दाबून बसवलं. सगळं जग धुक्यात गेलं. डोळा काढून घेणं म्हणजे काय, हे मला जन्मल्याच दिवशी कळलं.

मग मला खोक्यात घातलं. काळ्याच्या खोक्यावर पांढरा कोट घातलेला मुलगा होता, एका थेंबावर वाकलेला, कपाळाला आठ्या घातलेला. वर ठळक आकडा होता, 'तीनशे पट'. माझ्या खोक्यावरच्या मुलीच्या केसांत रिबीन होती. ती माझ्यात बघतच नव्हती. माझ्या शेजारी गाल टेकवून नुसती हसत होती. माझा आकडा खोक्याच्या बुडाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होता, 'तीस पट'. कमी पडलेल्या शक्तीची भरपाई म्हणून माझ्यासोबत नेलपॉलिशची बाटली, चमकीची पुडी आणि एक छोटा गोल आरसा दिला होता. किंमत मात्र दोघांची एकच.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटामधल्या एका गावात, खेळण्यांच्या दुकानात पोहोचलो. तिथे एप्रिलमध्ये एक आजी आली. तिचं नाव व्हर्ना. तिच्या जुळ्या नातवंडांचा नववा वाढदिवस होता. तिने दोन काळे मायक्रोस्कोप उचलले, एक ह्या काखेत आणि एक त्या काखेत.

दुकानातली बाई म्हणाली, "दोघं मुलगेच का, आजी?"

"नाही, एक नात आहे."

"मग तिच्यासाठी हा घ्या ना, गुलाबी! मुलींचा वेगळा येतो."

"वेगळा म्हणजे? आत काय वेगळं?"

"आत काही नाही हो. गोड दिसतो! आणि खरं सांगू का, मुली दोन दिवस बघतात न् टाकून देतात. निदान नेलपॉलिश तरी कामाला येईल."

व्हर्ना आजी क्षणभर घुटमळली. तिने चष्मा शोधायला पर्स उघडली. मी मनात म्हटलं, वाच, आजी, बुडाशी वाच. पण चष्मा गाडीत राहिला होता. तिने एक काळा परत ठेवला आणि मला उचललं.

मुलीचं नाव थेया आणि मुलाचं नेल्स. घरामागे तळं होतं. थेयाला त्या तळ्याचं वेड होतं. बर्फ वितळलं रे वितळलं की ती रबरी बूट चढवून पाण्यात. धक्क्याच्या कुठल्या फळीखाली जळवा असतात, बेडकांनी अंडी कुठल्या लव्हाळ्यात घातली आहेत, हे तिला तोंडपाठ. नेल्सला चिखलाचा वास सहन होत नसे. त्याला तळं आवडायचं ते गोठलेलं, स्केट्स घालून घसरण्यापुरतं.

मला पाहून थेयाचे डोळे कसे लकाकले होते! रंग तिने पाहिलाही नाही. "आजी, आता मला पाण्याच्या आतलं पण दिसेल!" ती म्हणाली, आणि केक तसाच टाकून बरणी घेऊन पळाली. माझ्या आयुष्यात कुणी माझी एवढी वाट पाहिली नव्हती. आणि मी आंधळा होतो, मित्रांनो.

तिने थेंब ठेवला. वाकली. चक्र फिरवलं, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी जीव तोडून बघितलं. मला जे दिसत होतं तेच तिला दाखवू शकत होतो: धुकं, आणि धुक्यात काही ठिपके.

शेजारच्या टेबलावरून नेल्स किंचाळला, "बाबा! ह्याला केस आहेत! सगळ्या अंगाला! पोहतोय!"

थेया पुन्हा माझ्यावर वाकली.

त्या वर्षी त्यांच्या क्लुंडर सरांनी तिसरीच्या वर्गाला तळ्याची वही ठेवायला सांगितली होती. महिनाभर रोज पाण्याचा थेंब बघायचा, दिसेल ते लिहायचं आणि काढायचं. ज्या दोघांच्या वह्या सगळ्यांत चांगल्या, त्यांना उन्हाळ्यात दोन आठवडे सरोवराच्या संशोधन केंद्रात जायला मिळणार होतं. तिथे खरे शास्त्रज्ञ होते आणि खरी बोट. थेयाने बूट कुठले न्यायचे हेसुद्धा ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी नेल्स एकटाच खोलीत होता. काचपट्ट्या सापडेनात म्हणून त्याने दोन्ही खोकी उलटीपालटी केली आणि माझ्या खोक्याच्या बुडाशी त्याची नजर थांबली. त्याने ते खिडकीशी नेलं. वाचलं. मग आपलं खोकं वाचलं. मग डोळा लावून माझ्यात पाहिलं, आणि आपल्यात. तो हुशार मुलगा होता, त्याला लगेच कळलं. मला केवढा आनंद झाला! आता हा धावत जाईल, म्हणेल, थेया, चूक तुझी नाही, ह्या गुलाबी ठोंब्याची आहे.

तो धावत गेला खरा. पण दोन्ही खोकी घेऊन. आवारात बाबा, म्हणजे डेल, पालापाचोळा जाळत होता.

"बाबा, ही पण टाकू? नुसता पसारा झालाय खोलीत."

"शाब्बास! ह्याला म्हणतात टापटीप," बाबा म्हणाला.

त्यानंतर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एकच खेळ चाले. थेयाच्या वहीत लिहिलेलं असे, '४ मे. ठिपके. सात. त्यांतले तीन हलतात. खिडकीच्या बाजूला जास्त जमतात.' मित्रांनो, असं बघणं सोपं नव्हतं. आंधळ्याचा हात धरून तिने तेवढं शोधून काढलं होतं. पण नेल्सच्या वहीत केसाळ, शेपटीवाले, चकलीसारखे वळलेले प्राणी होते.

"काय बाईसाहेब, आज काय दिसलं? पुन्हा ठिपकेच?" बाबा विचारी.

"हलणारे ठिपके आहेत," थेया म्हणे.

"वा! काल न हलणारे होते. प्रगती आहे."

सगळे हसत. आई, मार्लिस, तीही हसे आणि बटाट्याचं भांडं पुढे सरकवी. "अगं, प्रत्येकाला सगळं जमत नाही. त्याच्याबरोबर आलेली चमकी नाही का वापरलीस अजून? ती बघ ना, किती छान दिसेल." नेल्स खाली मान घालून जेवत असे. त्याच्या तोंडाचा कोपरा तेवढा हलायचा.

क्लुंडर सरांनी थेयाच्या वहीत लाल शाईने लिहिलं, 'नीट बघ.'

ती आणखी नीट बघू लागली. शाळेतून आल्यावर अंधार पडेपर्यंत माझ्यावर वाकून बसे. तिच्या डोळ्याभोवती माझ्या कडेचा गोल वळ उठे. शेवटी आईने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. घरी आल्यावर आईने बाबाला सांगितलं ते मी ऐकलं.

"डोळे उत्तम आहेत म्हणे. गरुडासारखे."

"मग?"

"मग काय. डोळ्यांत नाही ना दोष."

पुढचं आई बोलली नाही. थेया जिन्यात उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती नेल्सजवळ गेली. एरवी त्याचा मायक्रोस्कोप तो कुणाला शिवू देत नसे. "तुझ्या बोटांना नेलपॉलिश असेल, काच खराब होईल," म्हणे. थेयाने माझ्याबरोबर आलेली ती बाटली उघडलीही नव्हती.

"एकदाच बघू दे ना. फक्त एकदा. हात धुऊन आलेय."

नेल्सने विचार केला. "थांब, लावून देतो."

तो पाठ करून उभा राहिला म्हणून तिला दिसलं नाही. मला दिसलं. त्याने पाण्याची काचपट्टी काढून घेतली, शर्टाला पुसलेली कोरडी पट्टी लावली आणि चक्र नीट जुळवलं.

"ये. अगदी मध्यभागी आहे बघ. दिसतोय ना? लांबट, केसाळ?"

थेया वाकली. लख्ख उजेड, आणि त्यात काहीच नाही. ती बराच वेळ तशीच होती.

"दिसतोय की नाही? आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"हो," थेया म्हणाली. "दिसला."

मित्रांनो, माझ्या धुक्यातही ती आजवर खरं बोलत आली होती. तिचं ते पहिलं खोटं स्वच्छ काचेखाली निघालं.

त्या आठवड्यात तिने शाळेच्या वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातलं तिला आवडलेलं सगळ्यांत सुंदर चित्र, हिमाच्या कणासारखं, काट्याकाट्यांचं, तिने वहीत उतरवलं. खाली तारीख घातली. एक काटा वाकडा आला, म्हणून ते खोडून पुन्हा काढलं.

वह्या दाखवायच्या दिवशी प्रत्येकाने आपापला मायक्रोस्कोप आणायचा होता. सरांच्या टेबलावर मी आणि काळा शेजारी शेजारी उभे होतो. क्लुंडर सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हे काय गं? ह्यात लिपस्टिक पण ठेवता येते का?" वर्ग हसला. त्यांनी एकदा, नुसतं एकदा वाकून माझ्यात पाहिलं असतं! त्यांचा हात माझ्यावरच होता. पण त्यांनी वही उघडली.

"थेया, हा प्राणी कुठे सापडला तुला?"

"आमच्या तळ्यात, सर."

"नक्की? स्वतः पाहिलास?"

ती नेल्सकडे बघून म्हणाली, "हो. स्वतः."

सरांनी वही वर्गाकडे फिरवली. "मुलांनो, हा जीव खाऱ्या समुद्रात राहतो. समुद्र आपल्यापासून हजार मैल लांब आहे. म्हणजे एकतर हा बसने आला, नाहीतर ह्या बाईंनी थाप मारली."

वर्ग एवढा हसला की माझी काचपट्टी खडखडली. "बसने आला! बसने आला!" मधल्या सुट्टीत, सुट्टीनंतर, घरी जाताना, पुढची दोन वर्षं पोरं तिला हेच ओरडत राहिली. सर वाईट नव्हते. घंटा झाल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावून मऊ आवाजात समजावलं, "हे बघ, न दिसणं हा गुन्हा नाही. पण विज्ञानात खोट्याला जागा नसते. तुझं अक्षर छान आहे, त्याचं काहीतरी होईल."

केंद्रावर नेल्स गेला.

तो गेला त्या दुपारी थेयाने ती बाटली उघडली. नखं रंगवली, एकेक करून, काळजीपूर्वक. मग उरलेला रंग तिने माझ्या भिंगावर फासला, वर आणि खाली. मला ओरडावंसं वाटलं की ठीक आहे, पोरी, फास, पण आधी एकदा मोज, मी किती पट दाखवतो ते मोज! आमच्या तोंडाला आवाज नसतो. रंग वाळला आणि उरलंसुरलं धुकंही गेलं. त्यानंतर ती तळ्यात उतरल्याचं मी ऐकलं नाही.

बावीस वर्षं मी तळघरात, एका पेटीत होतो. कुणी पायऱ्या उतरलं की कानावर पडे तेवढंच मला कळे. नेल्स मोठा झाला, राज्याच्या सरोवरांचं पाणी तपासायच्या नोकरीला लागला. व्हर्ना आजी गेली. थेया दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायचं काम करते, तिला सिग्ने नावाची मुलगी आहे. विज्ञानाच्या तासाला घरी अभ्यास आला की थेया मुलीला म्हणते, "तुझ्या मामाला विचार. आमच्या घरात डोकं त्याला मिळालं."

परवा शनिवारी सिग्नेचा सातवा वाढदिवस झाला. मार्लिसने, आता ती आजी झाली आहे, तळघरातली पेटी नातीसाठी आणली. सिग्नेने मला बाहेर काढलं आणि डोळा लावला. भिंगाच्या कडेला रंगाचा एक टवका उडाला होता, तेवढ्या फटीतून मला पुन्हा अंधुक दिसलं.

"आई, हा बंद आहे. ह्याला कुणी रंग दिलाय?"

टेबलापलीकडे नेल्सने मला पाहिलं आणि खो खो हसत सुटला. "अरे देवा! हा अजून आहे? सिग्ने, ह्याची गंमत ऐक. तुझ्या आईने ह्याच्यातून समुद्रातला प्राणी पाहिला होता!"

"बसने आलेला," थेया म्हणाली. ती स्वतःच आधी हसली. लोकांनी हसायच्या आत हसायची तिला सवय झाली होती.

"आणि खरी गंमत तर पुढेच आहे," नेल्स डोळे पुसत म्हणाला. केक, कॉफी, सगळी आपली माणसं. त्याला मजा आली होती. "बिचारीला दिसणार काय कपाळ! माझा होता तीनशे पट आणि हिचा तीस. खोक्यावर लिहिलं होतं. मी वाचलं न् खोकीच जाळून टाकली! काय कार्टं होतो ना मी?"

डेल हसला. मग एकटाच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं.

थेयाच्या हातात सुरी होती. ती तिने केकजवळ ठेवली. "तुला ठाऊक होतं?"

"अगं, नऊ वर्षांचे होतो आपण."

"आणि तू मला बघायला दिलास, तेव्हा?"

"कोरडी पट्टी लावली होती," नेल्स म्हणाला. आता त्याचं हसू अर्धवट राहिलं होतं. "तू 'दिसला' म्हणालीस. मला वाटलं, तू पण थापच मारतेयस, मग फिटंफाट."

सिग्नेने विचारलं, "मामा, मग तू आईला सांगितलं का नाहीस?"

त्याने खांदे उडवले. लहान मुलीशी खोटं बोलणं त्याला जमलं नसावं. "कारण मी जिंकत होतो, सोन्या."

"जाऊ दे आता," मार्लिस घाईघाईने म्हणाली. "कशाला उकरायचं? थेया, सगळ्यांना आइसक्रीम वाढ. आणि तुला गुलाबी आवडायचाच की!"

"मी कधी म्हटलं, आई?"

"सगळ्याच मुलींना आवडतो."

थेया आईकडे वळली. "डॉक्टर म्हणाले होते, डोळे गरुडासारखे आहेत. तू घरी येऊन काय म्हणालीस, आठवतं? मी जिन्यात होते. मी बावीस वर्षं तेच खरं धरून चाललेय."

तिने मला उचललं आणि बाहेर निघाली. नेल्स मागोमाग आला.

"अगं, जुनं खेळणं आहे ते. त्याच्यावर कसला राग काढतेस?"

"त्याच्यावर नाही." तिने डब्याचं झाकण उघडलं. "तुझा आहे अजून? काळा?"

"ऑफिसात, टेबलावर. का?"

"सोमवारी आण. सिग्नेला दे."

"थेया, तो... म्हणजे, त्याच्यावरच माझं सगळं..."

"माहीत आहे त्याच्यावर तुझं काय काय उभं आहे. सोमवारी आण."

मग मी खाली पडलो आणि माझ्यावर बशा.

आज सोमवार. ती चार वाजल्यापासून रस्त्याकडे तोंड करून उभी होती, हे मला डब्याच्या फटीतून दिसत होतं. सहा वाजले. कुणाची गाडी आली नाही. तिने डबा ओढत रस्त्याच्या कडेला आणला, खिशातून फोन काढला आणि झाकणावर कोपर टेकवून उभी राहिली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"खेळण्यांचं दुकान ना? मायक्रोस्कोप हवाय. सात वर्षांच्या मुलीसाठी... नाही, मुलीसाठी कुठला ते विचारत नाहीये मी. किती पट आहे ते सांगा... वाचा ना, खोक्याच्या बुडाशी असेल... नाही बाई, रंग नका सांगू. आकडा सांगा. मी थांबते."

ती थांबली. पलीकडची बाई आकडा शोधत होती, आणि थेया हूं की चूं न करता थांबली होती.

मित्रांनो, मला जपू नका. मी जपण्याच्या लायकीचा नाही. मला कुणा मुलीच्या हातात देऊ नका, पेटीत ठेवू नका, माझ्यासाठी हळहळू नका. गाडी सकाळी येते, ती येऊ द्या. पण तुमच्या घरी कधी एखादी मुलगी म्हणाली की मला नुसते ठिपके दिसतात, तर तिला हसण्याआधी, तिचे डोळे तपासण्याआधी, आधी वाका, आणि तिच्या हातात तुम्ही काय दिलं आहे त्याच्यातून एकदा स्वतः बघा.